नखाचं कुसळ

पायाच्या अंगठ्याचं नख टोचायला लागलं की बहुतेक जण ब्लेड घेतात आणि कोपरा हाती लागेल तितका खोल कापून टाकतात. दोन-चार दिवस बरं वाटतं. मग ठणका परत येतो, तोही वाढून. खोल कापताना नखाच्या कडेचा अगदी शेवटचा भाग सुटतो आणि आत कुसळासारखा टोकदार उरतो. नख पुढे सरकतं तसं ते टोक मांसात घुसतं. मग सूज, मग पू. आपण ज्याला उपाय समजतो, त्यानंच दुखणं पक्कं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

एका सर्जनांच्या मायनर ओटीत ते कुसळ निघताना मी पाहिलं. टेबलावर पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा होता. सोळाशे मीटरचा सराव, पावसानं ओले झालेले बूट, तेही पुढून आवळणारे. अंगठ्याच्या कडेला लालभडक ओलसर मांस नखावर चढलं होतं, कापूस लागला तरी रक्त येत होतं. डॉक्टरांनी आधी पायाची नाडी चाचपली, साखरेचा रिपोर्ट पाहिला. मधुमेह असेल किंवा पायाला रक्त कमी पोचत असेल तर अशी जखम चिघळू शकते. अशा माणसानं घरी कोपरा कोरायला जाऊच नये.

“नख कशानं कापतोस रे?”

“ब्लेडनं, सर. आतपर्यंत.”

अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी भुलीचं, लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. “हे दुखेल, पुढचं नाही दुखणार,” असं त्यांनी आधीच सांगितलं. नंतर ते घाई न करता थांबले. भूल पुरती चढल्याची चिमट्यानं खात्री केली आणि मुळाशी रबर आवळलं, म्हणजे रक्त थांबतं आणि पुढचं औषध पातळ होत नाही.

अख्खं नख उपटणं ही जुनी रीत. त्यात नख पुन्हा येईपर्यंत पुढचं मांस वर चढतं आणि दुखणं परतू शकतं. इथे फक्त कडेची तीनेक मिलिमीटरची पट्टी काढायची होती. चपटं हत्यार नखाखाली सरकवून कड सुटी केली, कात्रीनं ती थेट मुळापर्यंत उभी कापली, आर्टरी फोर्सेप्सनं पकडून सावकाश पिळत ओढली. पट्टी माझ्या अपेक्षेपेक्षा लांब निघाली, कारण नखाचा बराच भाग कातडीखाली दडलेला असतो. पुढच्या टोकाला ते कुसळ होतं, पुवात भिजलेलं.

मग कापसाच्या काडीनं नखाच्या मुळावर फेनॉल लावलं, मिनिटभर. १८६७ साली सर्जन लिस्टर यांनी जखमा निर्जंतुक करण्यासाठी ज्याचा पुरस्कार केला तेच हे कार्बोलिक आम्ल. इथे ते कडेचं मूळ जाळतं, त्यामुळे तेवढी पट्टी सहसा परत उगवत नाही. शेवटी रबर काढलं आणि अंगठा पुन्हा गुलाबी होईपर्यंत डॉक्टर जागचे हलले नाहीत. रबर विसरून राहिलं तर अंगठाच गमवावा लागू शकतो.

सुरुवातीलाच लक्ष गेलं तर बहुधा हे काही लागत नाही. दिवसातून तीन-चार वेळा पंधरा मिनिटं पाय कोमट पाण्यात बुडवायचा, मांस हलकेच बाजूला सारून कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवायची, ती रोज बदलायची. कोपरा मांसाच्या पुढे येईपर्यंत हे चालू ठेवायचं. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं, म्हणून धीर लागतो. कापायचं ते सरळ, कोपरे बाहेर दिसतील असं.

मुलानं प्रतिजैविकांची गोळी मागितली. टोचणारा भाग निघाला की सूज आपोआप उतरते, गोळीची गरज सहसा उरत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. फेनॉलमुळे दोन ते चार आठवडे जखमेतून थोडं पाणी येत राहील. ते थांबेपर्यंत उघडी चप्पल, रोज ड्रेसिंग, आणि धावणं बंद.