काजूच्या माहेरी एक दिवस

उन्हाचे कौतुक आम्हां मुंबईकरांना काय सांगायचे! पण ब्राझीलमधल्या साल्वादोर बंदरी सकाळी नऊ वाजताच घामाच्या धारा लागल्या. डिसेंबर म्हणजे तिकडचा भर उन्हाळा. सौभाग्यवती पदर सावरीत म्हणाल्या, "एवढे हजारो मैल येऊन शेवटी गिरगावातच उतरलो म्हणायचे!"

शहर जणू दुमजली आहे. खाली बंदर नि बाजार, वर कड्यावर जुनी वस्ती. दोहोंना जोडणारी लासेर्दा लिफ्ट १८७३ साली सुरू झाली. वर पोहोचलो, तो खाली निळाशार उपसागर पसरलेला! पोर्तुगीजांनी १५४९ साली हे शहर वसवले आणि १७६३ पर्यंत ब्राझीलची राजधानी येथेच होती. गोव्याहून लिस्बनला परतणारी कित्येक गलबते वाटेत या बंदराला लागत.

कोपऱ्यावर फळवाली "मांगा! काझू!" म्हणून ओरडत होती. आमची मंडळी जागीच थबकली. आंबा नि फणस पोर्तुगीजांनीच हिंदुस्थानातून इकडे आणले. काजू मात्र मूळचा इथला, तो त्यांनी गोव्यास नेला. म्हणजे आम्ही काजूच्या माहेरी आलो होतो!

दुपारी पांढराशुभ्र घेरदार झगा ल्यालेल्या एका बाईपाशी 'अकाराजे' खाल्ले. वाटलेल्या चवळीचा वडा तांबड्या पामतेलात तळायचा, मधोमध चिरायचा, आत सुकी कोळंबी नि भेंडीचे कालवण भरायचे. ही चव आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर आली.

पुढे पेलोरिन्यो चौक लागला. उतरती दगडी फरसबंदी, निळी-पिवळी-गुलाबी घरे. मी हौसेने कॅमेरा काढला आणि वाटाड्याला नावाचा अर्थ विचारला.

"फटके मारण्याचा खांब," तो शांतपणे म्हणाला. "गुलामांना त्याला बांधून चाबकाने फोडून काढीत."

कॅमेरा तसाच हातात राहिला. ब्राझीलमध्ये गुलामगिरी संपायला १८८८ साल उजाडले.

त्याच उतारावर एक निळे चर्च आहे. गोऱ्यांच्या चर्चमध्ये मानाने जागा मिळेना, म्हणून काळ्या लोकांच्या मंडळाने १७०४ साली ते बांधायला घेतले. दिवस धन्याचा, त्यामुळे काम चाले ते रात्री, मिळेल त्या फुरसतीत. पुरे व्हायला जवळजवळ शंभर वर्षे लागली.

"म्हणजे पाया घालणाऱ्यांनी कळस पाहिलाच नाही," सौ. हळूच म्हणाल्या. सवयीने त्यांनी दारातच चपला काढल्या होत्या. त्या आत बराच वेळ बसून राहिल्या. मीही घाई केली नाही.

परत आल्यावर शेजारच्या मुलांनी विचारले, "काकू, तिकडे काय पाहिलेत?" सौ. काजूकतलीच्या वड्या पाडीत होत्या. सुरी खाली ठेवून त्यांनी सुरुवात केली ती लिफ्टपासून नव्हे, की समुद्रापासूनही नव्हे. "एक निळे देऊळ आहे हं," त्या म्हणाल्या, "रात्री जागून बांधलेले..."