हक्क की मेहेरबानी?

गरिबाच्या संसारात घरभाडे हा सर्वांत निष्ठुर खर्च होय. ओढाताणीच्या महिन्यात चार दिवस मासळीवाचून काढता येतात, नवे कपडे पुढच्या चवथीवर ढकलता येतात; परंतु डोक्यावरचे छप्पर पंधरवड्यापुरते बाजूला ठेवता येत नाही. हे ओळखून ब्रिटनने भाडेकरूंसाठी साहाय्याची जी व्यवस्था उभारली, तिच्याकडे गोमंतकीयांनी परक्यांची बाब म्हणून पाहू नये. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे गेलेले हजारो गोमंतकीय आज स्विंडन, साउथॉल आदी ठिकाणी राहतात, आणि त्यांतील अनेकांचे घर भाड्याचेच आहे.

अल्प उत्पन्नाच्या भाडेकरूस तेथे 'हाउसिंग बेनिफिट' अथवा 'युनिव्हर्सल क्रेडिट'मधून भाड्यासाठी रक्कम मिळते. मात्र ही रक्कम आणि घरमालक मागतो ते भाडे यांचा मेळ बसतोच असे नाही. पूर्वी खाजगी घरांसाठीची मर्यादा त्या भागातील मधल्या भाड्याइतकी असे. २०११ पासून ती सर्वांत स्वस्त ३० टक्के घरांपुरती खाली आणली गेली. पुढे २०१६ ते २०२० ती गोठवली गेली, २०२० च्या वाढीनंतर पुन्हा चार वर्षे गोठली, आणि एप्रिल २०२४ मध्ये वाढवून २०२५ मध्ये परत तिथेच थांबवण्यात आली. भाडी मात्र थांबली नाहीत. त्यातच २०१३ पासून काउन्सिलच्या वा गृहसंस्थेच्या घरात एक खोली 'जादा' ठरल्यास १४ टक्के, दोन वा अधिक ठरल्यास २५ टक्के कपात सुरू झाली.

ही तूट भरून काढण्यासाठी काउन्सिलांच्या हाती एक साधन होते. जुलै २००१ पासून त्यांना 'डिस्क्रीशनरी हाउसिंग पेमेंट', म्हणजे स्वेच्छाधीन गृहसाहाय्य, देण्याची मुभा मिळाली. भाड्यातील तुटीबरोबरच नव्या घराची अनामत, आगाऊ भाडे वा सामान हलविण्याचा खर्च यांसाठीही ते देता येई. कल्पना स्तुत्य होती. अपंगाच्या घराला बसविलेला उतरता मार्ग किंवा म्हाताऱ्या आईची शुश्रूषा करणाऱ्या मुलीची अडचण राजधानीतील खात्याला दिसत नाही. गावच्या काउन्सिलला ती दिसू शकते.

परंतु ज्याच्या नावातच 'स्वेच्छा' आहे, ते साहाय्य हक्क कसे ठरणार? नकार मिळाल्यास न्यायाधिकरणाकडे अपील करण्याची सोय त्यात नव्हती; ज्याने नाकारले त्याच काउन्सिलकडे फेरविचाराची विनंती करावयाची. निधीही आटत गेला. केंद्र सरकारने २०१३-१४ मध्ये त्यासाठी १८ कोटी पौंड दिले. २०२१-२२ मध्ये १४ कोटी आणि २०२२-२३ मध्ये १० कोटी. काउन्सिलांनी पदरची भर घालण्यास मुभा होती. पण २०२३ मध्ये बर्मिंगहॅमसारख्या काउन्सिलनेच आपली आर्थिक हतबलता जाहीर केली, तेथे पदर फाटकाच म्हणावयाचा. जून २०२५ मधील निर्णय असा, की इंग्लंडमध्ये एप्रिल २०२६ पासून या साहाय्याची जागा 'क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड' या एकत्रित निधीने घ्यावी. नाव बदलले, तरी निवाडा काउन्सिलच्याच मर्जीवर राहिला.

मर्जी हे हक्काला पर्याय होऊ शकत नाही, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये एका मर्यादेत मान्य केले. अपंगत्वामुळे एका खोलीत झोपू न शकणारे दांपत्य, आणि अपंग मुलासाठी रात्री शुश्रूषकाची गरज असलेले कुटुंब, यांच्या बाबतीत खोलीची कपात भेदभावाची ठरली. गरजूंसाठी स्वेच्छाधीन साहाय्य आहेच, हा सरकारचा बचाव या दोन प्रकरणांत टिकला नाही. स्कॉटलंडने तर याच साहाय्याचा निधी पुरेसा वाढवून खोलीकपातीची झळ भरून काढली. इच्छा असेल तर मार्ग निघतो, तो असा.

तेथील आमच्या बांधवांना आमचे सांगणे एवढेच, की भाडे थकेपर्यंत लाजेने गप्प बसू नका. ही मदत आपण होऊन घरी येत नाही. काउन्सिलकडे अर्ज करावा लागतो, आणि भाड्यासाठीचा मूळ लाभ मिळत आहे की नाही हे आधी पाहावे लागते. 'सेटल्ड' दर्जा असलेल्यांची वाट सोपी आहे. 'प्री-सेटल्ड' दर्जावाल्यांना मात्र केवळ त्या दर्जावर सहसा भागत नाही. नोकरी वा तत्सम आधारावर वास्तव्याचा हक्क दाखवावा लागतो.

आणि आपल्याकडे काय? १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरी दारिद्र्य निवारण हा विषय नगरपालिकांच्या कामांच्या यादीत घातला. तथापि भाडे थकलेल्या विधवेने नगरपालिकेचे दार ठोठावावे, असे एकही दार आम्हांस दिसत नाही. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेने वृद्धांना आणि निराधारांना मोठा आधार दिला, यात शंका नाही. पण ती भाड्याकडे पाहून दिलेली मदत नव्हे. उद्या असे दार उघडावयाचे झाल्यास ब्रिटनच्या अनुभवातून दोन गोष्टी घ्याव्यात: माणसाची अडचण जवळून पाहणारी स्थानिक संस्था, आणि तिच्या नकाराविरुद्ध दाद मागण्याची जागा. पहिली असून दुसरी नसेल, तर नगरसेवकाच्या ओटीवर रांगा लागतील, आणि मदत मिळेल ती गरजवंताला नव्हे, वशिल्याच्या माणसाला. मेहेरबानीवर उभे राहिलेले छप्पर पहिल्याच पावसात गळू लागते.