धानाची पाने पिवळी पडली : युरियापूर्वी निदान

रोवणी आटोपून तीन-चार आठवडे लोटले म्हणजे चामोर्शी परिसरातील बांध्यांतून एक तक्रार हमखास ऐकू येते, ती म्हणजे धान पिवळे पडल्याची. तक्रारीवरील उपायही बहुधा ठरलेलाच असतो. युरियाची पिशवी फोडावयाची आणि बांधीभर फेकावयाची. काही बांध्यांत आठवडाभरात पीक हिरवे होते आणि शेतकऱ्याचा या उपायावरील विश्वास दृढ होतो. परंतु शेजारच्याच बांधीत तोच युरिया निष्फळ ठरतो, किंबहुना रोग अधिक फैलावतो. असे का व्हावे? पिवळेपणा हा स्वतः रोग नसून अनेक कारणांचे ते एकच बाह्य लक्षण होय. ताप एक असला तरी त्याची कारणे अनेक असतात, तसाच हा प्रकार आहे.

वैनगंगेच्या या खोऱ्यात पुष्कळ कुटुंबांचे वर्ष खरिपाच्या एका धानावर अवलंबून असते. फुटवे फुटण्याचा काळ थोडक्या आठवड्यांचा असतो. तो चुकीच्या उपायात गेला, तर पुढे कितीही खत घातले तरी गेलेले फुटवे परत येत नाहीत. म्हणून पिशवी उघडण्यापूर्वी बांधीत उतरून निदान करणे इष्ट आहे.

प्रथम हे पाहावे

रोवणीनंतर पहिल्या आठवड्यात पऱ्हे थोडे पिवळे पडणे स्वाभाविक आहे. मुळे तुटल्याचा तो परिणाम असून नवी मुळे धरताच पीक सावरते. तसेच अगदी तळाचे एखादे जुने पान वाळणे हाही रोग नव्हे. याखेरीज पिवळेपणा दिसल्यास चार प्रश्न विचारावेत. पिवळेपणा सर्व बांधीत आहे की ठिकठिकाणी? जुनी पाने पिवळी आहेत की कोवळी? पान सर्व पिवळे आहे, शिरांमधला भाग पिवळा आहे, की केवळ कडा? आणि चूड उपटल्यावर मुळे व बुंधा कसा दिसतो?

यांपैकी दुसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. नत्र व पालाश ही द्रव्ये झाडाच्या अंगात सहज हलतात. त्यांची उणीव पडली की झाड ती जुन्या पानांतून काढून नव्या पानांस पुरविते, म्हणून तळाची पाने आधी पिवळी पडतात. लोह व गंधक तितके हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव आधी कोवळ्या पानांवर उमटते.

उणिवेची लक्षणे

नत्राची उणीव असल्यास तळाची पाने शेंड्याकडून एकसारखी फिकट पिवळी होतात, फुटवे कमी येतात आणि वाढ खुंटते. पानांवर ठिपके नसतात. बांधीचा बहुतेक भाग एकाच रंगाचा दिसतो. हलक्या सिहार जमिनीत आणि पाणी वाहून जाणाऱ्या बांध्यांत हे अधिक आढळते. येथे युरिया हाच योग्य उपाय होय. मात्र तो हप्त्याने द्यावा, बांधीतील जादा पाणी काढून द्यावा व धुऱ्याची फोड बंद ठेवावी. तुडुंब भरून वाहणाऱ्या बांधीत टाकलेला युरिया शेजाऱ्याच्या बांधीत जातो.

पालाशाच्या उणिवेत जुन्या पानांचे शेंडे व कडा पिवळ्या होऊन नंतर तांबूस करपतात. पानाचा मधला भाग हिरवा राहतो.

जस्ताची उणीव रोवणीनंतर दोन ते चार आठवड्यांत दिसते. बांधीत ठिकठिकाणी खुजे पट्टे पडतात, कोवळ्या पानांची मधली शीर बुडाशी फिकी होते आणि खालच्या पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके पसरतात. उत्तरेकडील तराईत शेतकरी यास खैरा म्हणत. खैराच्या काताचा रंग चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलांत वावरणाऱ्यांस सांगावयास नको. हा रोग जस्ताच्या अभावाने होतो, हे पंतनगर येथील डॉ. य. ल. नेने यांनी १९६६ साली प्रसिद्ध केले. सतत पाणी साचणाऱ्या, चुनखडीयुक्त कन्हार जमिनीत आणि स्फुरद फार दिलेल्या बांध्यांत हा धोका अधिक असतो. उभ्या पिकावर १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट व २५ ग्रॅम विरवलेला चुना मिसळून फवारावे. पुढील हंगामात चिखलणीच्या वेळी हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट द्यावे; ते स्फुरदाच्या खतात मिसळू नये.

लोहाची उणीव मुख्यतः कोरड्या रोपवाटिकेत दिसते. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा, पुढे पांढुरका होतो. वाफ्यात ओल राखणे आणि १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम हिराकस मिसळून फवारणे हे उपाय होत.

रोग व किडी

पानाच्या शेंड्यापासून कडेकडेने नागमोडी पिवळी पट्टी खाली उतरत असेल, तर तो जीवाणूंमुळे होणारा कडाकरपा समजावा. याची परीक्षा सोपी आहे. रोगट पानाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यात सोडावा; थोड्या वेळाने कापलेल्या टोकातून दुधाळ धार निघाल्यास शंका उरत नाही. अशा बांधीत युरिया देणे म्हणजे रोगास खाद्य देणे होय. नत्राचा हप्ता थांबवावा, पाणी काढावे आणि रोगट बांधीतील पाणी खालच्या बांधीत सोडू नये. रोग बळावल्यावर फवारणीचा भरवसा नसतो. म्हणून रोवणीच्या वेळी पऱ्ह्यांचे शेंडे न खुडणे व प्रतिकारक वाण निवडणे हाच खरा बचाव आहे.

केवळ मधले पान पिवळे पडून वाळले असेल, तर ते ओढून पाहावे. ते सहज हाती आल्यास गाभेमर, म्हणजे खोडकिड्याचे काम होय. अशी मर शेकडा ५ च्या वर गेली तरच औषधाचा विचार करावा.

बांधीत गोलाकार पट्टे पिवळे होऊन करपल्यासारखे दिसल्यास चूड वाकवून पाण्यालगतचा बुंधा पाहावा. तेथे तपकिरी तुडतुडे असतात. एका चुडात १० च्या आसपास तुडतुडे आढळल्यास पाणी काढून बुंध्यावर फवारणी करावी. विखुरलेली झाडे नारिंगी-पिवळी व खुजी असून पिकावर हिरवे तुडतुडे असल्यास टुंग्रो या विषाणूरोगाची शंका घ्यावी आणि ती झाडे उपटून पुरावीत.

मुळे काळी पडली असून कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर दोष खताचा नसून साचलेल्या पाण्याचा आहे. बांधी काही दिवस निचरून ठेवली म्हणजे नवी पांढरी मुळे फुटतात.

शंका राहिल्यास

निदान निश्चित होत नसेल, तर सर्व बांधीवर उपाय न करता एका कोपऱ्यात पाच पावले रुंद पट्टा आखून तेवढ्यावरच फवारणी करावी व आठ दिवस वाट पाहावी. पट्टा हिरवा झाला तर कारण सापडले; न झाला तर खर्च वाचला. रोगट चूड मुळांसह उपटून, ओल्या पोत्यात गुंडाळून, गडचिरोली येथील कृषि विज्ञान केंद्रात किंवा सिंदेवाही येथील कृषि संशोधन केंद्रात दाखविता येतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी आणखी एक गोष्ट करावी. २०१५ पासून देण्यात येणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत जस्त, लोह व गंधक यांचे आकडे असतात. पुष्कळ घरी ती पत्रिका पेटीत पडून राहते. रोवणीपूर्वी ती शेतकऱ्यासह वाचावी. जस्ताचा आकडा दशलक्ष भागांत ०.६ पेक्षा कमी असल्यास त्याची तजवीज चिखलणीतच व्हावी. श्रावणात पिवळी पडणारी बांधी ज्येष्ठातच ओळखता आली, तर फुटव्यांचे दिवस वाया जात नाहीत.