संसाराला भांडी किती लागतात?

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पायंडा पाडला, तेव्हापासून या उन्हाळी सभांतून समाजसुधारणेपासून विज्ञानापर्यंत नाना विषय बोलले गेले. त्यांच्या पंक्तीला पातेली आणि वाट्या बसवणे काहींना किरकोळ वाटेल. आम्हांला ते तसे वाटत नाही. घरातील एका माणसाचा, आणि अजून बहुतेक घरांत ते माणूस म्हणजे बाईच, रोजचा बराच वेळ भांडी घासण्यात, पुसण्यात आणि रचण्यात जातो. चैत्र-वैशाखात नळ आटला की हा प्रश्न वेळेपुरताही राहत नाही, पाण्याचा होतो.

भांडी घरात विकत आणली जातात त्यापेक्षा पुष्कळ अधिक आपल्या पायांनी चालत येतात. लग्नातला आहेर आणि रुखवत हा पहिला लोंढा. पुढे दर वर्षी संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे वाण येते. त्यात एक चाळणी, दोन वाट्या, कधी एखादा डबा, जे देणारीला स्वस्तात घाऊक मिळाले ते. अधिक महिन्यात जावयासाठी तांब्यापितळेचे काही होते. आणि वर्षातून दोनदा दारात बोहारीण बसते. जरीच्या जुन्या साडीवर आणि दोन पँटींवर तिच्याशी अर्धा तास घासाघीस होते, तिच्या टोपलीतले एक स्टीलचे पातेले घरात येते, आणि ते फुकटात मिळाले असे सर्वांना वाटते. ते ठेवायला जागा लागणार आहे हे त्या व्यवहारात कोणी धरीत नाही.

या साठ्याला हाव म्हणून हिणवणे मात्र सोपे आणि अन्यायाचे होईल. आपल्या आज्यांच्या काळी शेत, घर, दुकान हे सारे पुरुषाच्या नावावर असे. बाईच्या नावावर असे ते अंगावरचे किडूकमिडूक सोने आणि माहेरहून आलेली भांडी. 'नावावर' हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा, कारण हंड्याच्या गळ्यावर तिचे नाव आणि लग्नाची तिथी टाकीने कोरलेली असे. दुखणेबाणे आले, दुष्काळ पडला, मुलाच्या परीक्षेची फी भरायची राहिली, की त्यातली एक घागर गहाण पडे किंवा मोडीत जाई. पितळ-तांब्याला वजनावर भाव होता, आणि तो कोणत्याही गावात मिळे. मांडणीवरची ती लखलखीत ओळ म्हणजे बाईची पेढी होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने बाईला तिच्या मालमत्तेवर पूर्ण मालकी दिली, २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने बसवले. कायदा घरोघरी पोचला आहे असे आम्ही म्हणत नाही. पण बचत पातेल्यात ठेवण्याचे कारण आता उरलेले नाही, आणि स्टीलच्या वाट्यांत तर ती मुळीच राहत नाही. मोडीच्या काट्यावर स्टील तांब्यापितळेच्या आसपासही येत नाही. पेढी बुडाली आणि घासण्याचे काम तेवढे वारशाने आले, अशी ही गोष्ट आहे.

'पूर्वी घरात पन्नास पाने उठत, मग पन्नास ताटे नकोत का?' असे कोणी विचारील. पाने उठत हेच त्याचे उत्तर. पंगत केळीच्या पानावर किंवा पळसाच्या पत्रावळीवर बसे, आमटी द्रोणात येई, आणि जेवण झाल्यावर उष्टे गुराच्या पुढे किंवा उकिरड्यावर जाई. मोठी पातेली, परात, ओगराळे एवढेच जड सामान लागे, आणि तेही अनेक गावांत देवळाचे किंवा वाडीच्या मालकीचे असे. कार्य निघाले की मोजून आणायचे, घासून मोजून परत करायचे. आजही कित्येक महिला बचत गट असा भांड्यांचा संच घेऊन तो भाड्याने देतात. शहरात मांडववाल्याकडे तीच सोय आहे. वर्षातल्या एका दिवसासाठी तीनशे चौसष्ट दिवस माळा अडवून ठेवण्याची रीत जुनी नव्हे, ती नवीनच आहे.

आता हिशेबाकडे वळू. आमच्या मते भांडी माणसांवरून न मोजता आधी शेगडीवरून मोजावीत. घरोघरी गॅसच्या शेगडीला दोन तोंडे असतात, फार तर तीन. तेव्हा एका वेळी विस्तवावर दोनच भांडी असणार. तिसरे भांडे लागते ते उतरवलेला पदार्थ ज्यात राहतो ते. चौघांच्या घराला डब्यांसह एक कुकर, एकात एक बसतील अशी दोन पातेली, एक कढई, एक तवा, फोडणीची लोखंडी पळी आणि दुधाचे पातेले एवढ्यात रोजचा स्वयंपाक होतो. त्यांवर झाकायच्या ताटल्या, पोळपाट-लाटणे, परात, सांडशी, विळी किंवा सुरी, डाव, झारा, उलथणे, मिसळणाचा डबा. आपल्याकडे १९५९ च्या सुमारास प्रेशर कुकर तयार होऊ लागला, आणि भांडी कमी करण्याचे श्रेय कोणाला द्यायचेच तर त्याला द्यावे. आतल्या दाबामुळे पाणी शंभराऐवजी सुमारे एकशेवीस अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते हे सर्व जाणतात. पण वरण, भात आणि बटाटे एकाच ज्योतीवर, एकावर एक, आणि त्याच डब्यांतून थेट पानाशी, ही त्याची दुसरी करामत आम्हांला मोठी वाटते.

दुधाचे पातेले निराळे का, हा सोवळ्याचा भाग नव्हे. आदल्या रात्रीच्या आमटीचा आंबटपणा कडेला किंचित राहिला तरी तापताना दूध फाटते.

धातूंच्या बाबतीत एकच धातू सर्वत्र वापरण्याचा हट्ट धरू नये. स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असते, त्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठावर पातळ थर धरतो, म्हणून ते गंजत नाही आणि आंबटाला भीत नाही. ताकाची कढी, चिंचेची आमटी, उरलेले अन्न यांना तेच योग्य. पण उष्णता वाहण्यात स्टील मंद आहे. तांबे त्याच्या वीस पटींहून अधिक उष्णता वाहते. म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात खीर मधोमध लागते आणि कडेला कोमट राहते. जाड बुडाचे एक पातेले घेतले की पातळ तीन काढून टाकता येतात. कढई आणि तवा लोखंडाचा असावा. लोखंड तापते सावकाश, पण तापल्यावर थंड पिठल्याने किंवा भाकरीने लगेच निवत नाही. त्यात आंबट भाजी मात्र फार वेळ ठेवू नये, रंग काळवंडतो. शिजताना थोडे लोह अन्नात उतरते, ते आपल्याकडच्या स्त्रियांना बाधणारे नाही, उलट हवेच आहे. ॲल्युमिनियम हलके आणि स्वस्त, पण चिंच-टोमॅटो त्याला खातात. त्यात अन्न साठवू नये.

राहिले पितळ. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट कळकते, आणि कळकलेले अन्न पोटात जाऊ नये. कल्हईवाला भाता मारून भांडे तापवतो, नवसागराची पूड टाकतो, पांढरा धूर उसळतो, मग कथलाची कांडी आत टेकवली की ती पाघळते, आणि कापडाच्या किंवा कापसाच्या बोळ्याने तो चंदेरी थर सगळीकडे फिरतो. कथील दोनशे बत्तीस अंशांवर वितळते, म्हणून कल्हईचे भांडे कोरडे शेगडीवर राहू देणे म्हणजे कल्हई घालवणे. असा कल्हईवाला आता पूर्वीसारखा दारावर येत नाही. म्हणून एक पितळी पातेले ठेवावे, त्याची कल्हई वेळच्या वेळी करावी आणि ते खरोखर वापरावे. कल्हई उडालेली सहा पातेली शोभेला ठेवून एखाद्या सणाला त्यांतले एक खाली काढणे, यात आम्हांला परंपरा दिसत नाही, धोका दिसतो.

ताटे-वाट्या मात्र माणसांवरूनच मोजायच्या, पण त्यात दोन घासण्यांच्या मधली जेवणे धरायची. जिथे प्रत्येक जेवणानंतर जो तो आपले ताट विसळून ठेवतो, तिथे चौघांना सहा ताटे रेलचेल झाली. जिथे भांडी घासायला बाई दिवसातून एकदाच येतात, किंवा पाणीच तासभर येते, तिथे आठ-दहा लागतील. आणि त्या घरातले पिंप, हंडा, कळशी यांना कोणी अडगळ म्हणू नये. याहून अधिक ताटांनी सोय होत नाही. चोवीस ताटे असली की चोवीस खरकटी होईपर्यंत मोरीकडे कोणी वळत नाही, आणि वाळलेल्या भाताच्या शिताला ताज्याहून कितीतरी पाणी लागते. हे पाणी कोणाच्या तरी डोक्यावरून आलेले असते, आणि ती शिते कोणाच्या तरी नखांनी निघतात. भांड्याला भांडे लागायचेच ही म्हण संसाराबद्दल आहे हे खरे, पण आम्हांला ती मोरीतल्या ढिगाऱ्याकडे पाहून सुचलेली असावी असे वाटते!

सणावारी लागणाऱ्या हत्यारांचा विचार निराळा. चकलीचा सोऱ्या दिवाळीच्या आठवड्यात चाळीतल्या चार बिऱ्हाडांतून फिरत असे, त्यात कोणाला कमीपणा नव्हता. मोदकपात्राचे काम पातेल्यात पाणी घालून वर चाळणी, चाळणीत हळदीचे किंवा केळीचे पान, असे उत्तम होते. पुरणयंत्र मात्र ज्या घरात वर्षाला चारदा पुरण होते त्यांनी ठेवावे. चाळणीवर पुरण घासण्याचा सल्ला देणाऱ्याने एकदा स्वतः सेरभर घासून पाहावे.

मग काढून टाकायची भांडी कोणती? ती एकदम निवडू नयेत. सर्व जादा भांडी एका पेटीत घालून पेटी माळ्यावर ठेवावी, आणि आषाढापासून संक्रांतीपर्यंतचे सण जाऊ द्यावे. जे एकदाही खाली उतरले नाही त्याचा विचार करावा. तोही घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारून. ज्या हंड्यावर तिच्या आईचे नाव आहे तो सुनेला अडगळ वाटला तरी तिला तो अडगळ नसतो, आणि जागेच्या नावाखाली तिच्या माघारी तो मोडीत घालणे आम्हांला क्रूर वाटते. असे एक भांडे निवडून ते रोजच्या कामात आणावे: पाणी भरावे, पीठ ठेवावे. बाकीची स्टीलची भांडी मोडीत फारसे काही देत नाहीत. ती बचत गटाला, वसतिगृहाला किंवा नवे बिऱ्हाड थाटणाऱ्या जोडप्याला द्यावीत. तांबे आणि पितळ मोडीत घालायचे असेल तर दोन्ही वेगळी तोलून घ्यावीत, कारण तांब्याचा भाव अधिक असतो. लोखंडी कड्या आणि मुठी आधी काढवून घ्याव्यात, नाहीतर तोलणारा त्यांची वजावट आपल्या अंदाजाने करतो, आणि तो अंदाज सहसा आपल्या बाजूचा नसतो.