हौसेला मोल नसते, खाड्याला असते

हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. इंग्लंडमधील रग्बी युनियनच्या धुरिणांनी हीच भावना सुमारे एक शतकभर कायद्याच्या कठोरपणाने राबविली. खेळाडूने खेळावे ते निखळ आनंदासाठी; त्यापोटी एक पेनीही घेतली तर तो खेळाच्या पंक्तीतून उठलाच पाहिजे, असा हा दंडक होता. वरवर पाहता त्यात उदात्तता दिसते. परंतु ज्याला शनिवारी सकाळी कामावर जावेच लागते आणि ज्याला तसे जावे लागत नाही, त्या दोघांना एकच नियम लावला की त्या नियमाची किंमत दोघांना सारखी पडत नाही. यॉर्कशायर परगण्यातील रग्बी साखळ्यांचा इतिहास हा मुख्यतः या साध्या अर्थशास्त्रीय सत्याचा इतिहास आहे.

रग्बी युनियनची स्थापना लंडनमध्ये २६ जानेवारी १८७१ रोजी झाली. पब्लिक स्कूल म्हणविणाऱ्या, पण वस्तुतः धनिकांच्या मुलांसाठी असलेल्या शाळांतून बाहेर पडलेले तरुण हे तिचे आद्य सभासद. या वर्गाचे जाळे किती दूरवर पसरले होते याचा पुरावा आपल्या देशातही आहे. कलकत्त्यातील इंग्रजांचा रग्बी क्लब १८७८ मध्ये बंद पडला, तेव्हा त्याच्या बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढण्यात आली आणि ते रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्यात १८७९ पासून याच ‘कलकत्ता चषका’साठी सामना होतो. क्लबच्या पैशाचा चषक झाला तर तो सन्मान, आणि खेळाडूच्या हातात पैसा पडला तर तो कलंक, अशी ही व्यवस्था होती.

गिरणीच्या भोंग्यानंतरचा खेळ

उत्तर इंग्लंडमध्ये मात्र रग्बी निराळ्या मातीत रुजली. लीड्स, ब्रॅडफर्ड, हॅलिफॅक्स, हडर्सफील्ड ही लोकरीच्या गिरण्यांची गावे. त्यांच्या आसपास कोळशाच्या खाणी. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन कामगारांचे शनिवारचे काम दुपारी दोन वाजता थांबविले. त्यांच्यावाचून गिरणी चालत नसल्याने पुरुष कामगारांनाही पुष्कळ ठिकाणी अर्ध्या दिवसाची सुटी मिळू लागली. १८७४ च्या कायद्याने ती वेळ आणखी अलीकडे आणली. खेळणारे आणि पाहणारे अशा दोघांनाही मोकळी दुपार प्रथमच लाभली आणि त्या दुपारीतून कामगारांचा खेळ जन्माला आला.

१८७७ मध्ये यॉर्कशायर चषकाची स्पर्धा सुरू झाली. पहिल्याच वर्षी ती हॅलिफॅक्सने जिंकली. गावागावांत ईर्ष्या निर्माण झाली, प्रेक्षकांची गर्दी लोटू लागली आणि तिकिटांचे उत्पन्न हाती येऊ लागले. १८८९ ते १८९६ या आठ वर्षांत परगण्यांच्या अजिंक्यपदाची स्पर्धा यॉर्कशायरने सात वेळा जिंकली. १८९२ मध्ये इंग्लंडच्या संघाने एकही गुण न देता आपले तिन्ही सामने जिंकले, त्यातही उत्तरेकडील खेळाडूंचा वाटा मोठा होता. त्याच वर्षी यॉर्कशायरच्या प्रमुख क्लबांनी ‘यॉर्कशायर सीनियर कॉम्पिटिशन’ ही साखळी स्पर्धा सुरू केली.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. मैत्रीचा सामना ही ऐच्छिक बाब असते. न जमल्यास क्षमा मागून तो टाळता येतो. साखळी स्पर्धा हा वेळापत्रकाचा करार असतो. अमुक शनिवारी अमुक गावी संघ हजर राहिलाच पाहिजे, नाही तर गुण जातात. दूरच्या गावी दुपारी खेळायचे तर सकाळची गाडी पकडावी लागे, म्हणजे अर्ध्या दिवसाची मजुरी बुडे. वकिलाला किंवा व्यापाऱ्याच्या मुलाला हा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. खाणीतल्या किंवा गिरणीतल्या माणसाला मात्र प्रत्येक खाड्याचा हिशेब घरात द्यावा लागे. साखळीने निश्चित वेळापत्रक निर्माण केले आणि निश्चित वेळापत्रकाने निश्चित तोटा निर्माण केला.

दोनशे ब्याऐंशी विरुद्ध एकशे छत्तीस

या तोट्याची भरपाई क्लबने करावी, एवढीच उत्तरेची मागणी होती. खेळण्याचा पगार मागितला गेला नव्हता. बुडालेली मजुरी तेवढी परत मिळावी, असे म्हणणे होते. परंतु १८८६ मध्येच युनियनने धंदेवाईकपणाविरुद्ध कडक नियम केले होते. त्याच्या आदल्या वर्षी फुटबॉलच्या संघटनेने पगारी खेळाडूंना मान्यता दिली होती आणि तेथे कामगारांच्या संघांनी जुन्या धनिक संघांना मागे टाकल्याचे दृश्य सर्वांसमोर होते. रग्बीच्या चालकांच्या कठोरपणामागे तत्त्वनिष्ठा होती, तशी ही धास्तीही होती. १८८८ मध्ये ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या दौऱ्यावर निघालेल्या हॅलिफॅक्सच्या जॅक क्लाउझने कपडेलत्त्यासाठी १५ पौंड घेतले, एवढ्यावरून त्याला धंदेवाईक ठरविण्यात आले.

२० सप्टेंबर १८९३ रोजी लंडनमध्ये युनियनची सर्वसाधारण सभा भरली. खाड्याच्या भरपाईस मुभा द्यावी, असा ठराव यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी मांडला. तो दिवस बुधवार होता. बुडालेल्या मजुरीच्या प्रश्नावर मत द्यायचे तरी लंडनपर्यंतचा प्रवास करून कामाचा दिवस बुडविणे आले! यॉर्कशायरहून प्रतिनिधींना आणण्यासाठी खास आगगाडीची सोय करावी लागली. उलट विरोधकांनी न आलेल्या क्लबांची मुखत्यारीची मते आधीच गोळा करून ठेवली होती. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी फेटाळला गेला.

पुढील दोन वर्षांत संशय, चौकश्या आणि निलंबने यांनी वातावरण कडवट होत गेले. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील प्रमुख क्लबांनी वेगळी ‘नॉर्दर्न युनियन’ स्थापन केली. तिने खाड्याच्या भरपाईची मर्यादा दिवसाला सहा शिलिंग अशी ठरविली. तीन वर्षांनी पगारी खेळास मान्यता मिळाली, तरी खेळाडूला दुसरा नियमित रोजगार असलाच पाहिजे, अशी अट काही वर्षे कायम होती. १९०६ मध्ये संघातील खेळाडूंची संख्या पंधरावरून तेरावर आली आणि १९२२ मध्ये संघटनेला ‘रग्बी फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. सहा शिलिंगांच्या वादातून एका खेळाचे दोन खेळ झाले.

शुद्धतेचा हिशेब

जुन्या युनियनला या शुद्धतेची किंमत मोजावी लागली. १८९३ मध्ये तिच्याकडे ४८१ क्लब होते. दहा वर्षांनी २४४ उरले. १८९२ नंतर इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाला विजेतेपदासाठी १९१० पर्यंत वाट पाहावी लागली. शिवाय शुद्धतेचा हा नियम सर्वत्र सारख्या कठोरपणे चालला, असेही नव्हे. वेल्सचा लोकप्रिय कर्णधार आर्थर गूल्ड याला १८९७ मध्ये चाहत्यांनी वर्गणीतून घर भेट दिले, तेव्हा वेल्सविरुद्धचे सामने गमावण्यापेक्षा इंग्रज चालकांनी डोळेझाक करणे पसंत केले. यॉर्कशायरच्या मजुराचे सहा शिलिंग खटकले. वेल्सच्या नायकाचे घर खपवून घेतले गेले.

भरपाईबरोबर साखळी स्पर्धाही संशयास्पद ठरल्या. साखळीतून चुरस, चुरशीतून गर्दी, गर्दीतून पैसा आणि पैशातून धंदेवाईकपणा, अशी ती भीती होती. त्यामुळे कितीतरी दशके इंग्लंडमध्ये रग्बी युनियनचे बहुतेक सामने क्लबांच्या चिटणीसांनी पत्रव्यवहाराने ठरविलेले मैत्रीचे सामने असत. एखाद्या छोट्या गावचा संघ कितीही चांगला खेळला, तरी नामांकित क्लबने त्याला सामन्यासाठी तारीख दिली नाही की त्याची वाट खुंटली. मक्तेदारी केवळ बाजारातच असते असे नाही. ती अशा ओळखीपाळखीच्या व्यवहारातही असते.

नियमातील कृत्रिमपणा दुसऱ्या महायुद्धात उघड झाला. सैन्यात दाखल झालेल्यांपुरती बंदी शिथिल झाली आणि दोन्ही पंथांचे खेळाडू एकत्र आले. १९४३ व १९४४ मध्ये लीगच्या खेळाडूंचा संघ युनियनच्या नियमांनुसार युनियनच्या संघाशी खेळला आणि दोन्ही वेळा जिंकला. एकत्र खेळल्याने कोणी बाटला नाही. तरीही युद्ध संपताच जुनी भिंत पुन्हा उभी राहिली.

साखळीचे पुनरागमन

बदल आला तो हळूहळू. १९७१-७२ च्या हंगामात राष्ट्रीय पातळीवरील क्लब चषक सुरू झाला आणि पहिल्या वर्षी तो ग्लॉस्टरने जिंकला. सत्तरीच्या दशकात ठिकठिकाणी गुणवत्ता-तक्ते मान्य झाले. १९८७ मध्ये करेज या मद्य कंपनीच्या पुरस्काराने एक हजाराहून अधिक क्लबांची देशव्यापी साखळी उभी राहिली. तिच्या पायथ्याशी परगण्यांच्या आणि विभागांच्या साखळ्या होत्या; बढती आणि घसरण यांनी त्या वरच्या श्रेणींशी जोडलेल्या होत्या. १८९५ नंतर प्रथमच यॉर्कशायरमधील गावच्या संघाला केवळ खेळाच्या बळावर वर चढण्याचा मार्ग मिळाला.

जुन्या चालकांची भीती खोटी नव्हती, हेही मान्य केले पाहिजे. साखळी आली आणि आठ वर्षांत पैसाही आला. जून १९९५ मध्ये दक्षिण गोलार्धातील तीन संघटनांनी दूरचित्रवाणीच्या हक्कांचा ५५ कोटी डॉलरचा करार केला, आणि त्याच वर्षी ऑगस्टअखेर पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाची अट रद्द केली. हडर्सफील्डच्या सभेला त्या सुमारास बरोबर शंभर वर्षे होत होती. पैशाने सर्वांचे कल्याण होते, असेही नाही. नॉर्दर्न युनियनच्या पहिल्या हंगामाचा विजेता मॅनिंगहॅम क्लब आर्थिक ओढाताणीमुळे १९०३ मध्ये रग्बी सोडून फुटबॉलकडे वळला आणि ब्रॅडफर्ड सिटी झाला. २०२२ मध्ये वूस्टर व वॉस्प्स आणि २०२३ मध्ये लंडन आयरिश हे वरच्या श्रेणीतील तीन क्लब कर्जाच्या ओझ्याखाली कोसळले.

मात्र या उदाहरणांवरून १८९३ चा निर्णय योग्य होता, असा निष्कर्ष काढणे ही तर्काची चूक ठरेल. खेळाचा पगार आणि खाड्याची भरपाई या दोन भिन्न गोष्टी आहेत. पगार माणसाला खेळाकडे ओढून आणतो. भरपाई एवढेच पाहते की केवळ गरीब आहे म्हणून कोणी खेळाबाहेर राहू नये. पहिल्याच्या भीतीने दुसरी नाकारण्यात आली, आणि त्यातून वाचले ते हौशीपण नव्हे. वाचली ती मूठभरांची सोय.

खाड्याचा प्रश्न सोडविण्याचा आणखी एक मार्ग आहे. भरपाई देता येत नसेल, तर मुळात खाडाच कमी होईल अशी रचना करावी. २०२२ मध्ये इंग्लंडमधील खालच्या श्रेणींची फेररचना झाली. श्रेणींतील संघांची संख्या कमी करून प्रवास आटोक्यात आणणे हा तिचा एक हेतू होता आणि यॉर्कशायरच्या साखळ्या या नव्या परगणा-श्रेणींत सामावल्या गेल्या. जवळच्या गावी जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल असा सामना कामकरी माणसाला परवडतो. प्रादेशिक साखळीचे खरे महत्त्व येथेच आहे. मैदान आखणारे, हिशेब ठेवणारे आणि सामन्यानंतर चहा करणारे बिनपगारी कार्यकर्ते तिला तारून धरतात. त्यांच्याही वेळेला मोल असते, याचे भान मात्र सुटता कामा नये.

मानसेवी काम, निरपेक्ष सेवा, केवळ आवडीपोटी केलेले कार्य हे शब्द खेळाच्या मैदानापुरते मर्यादित नाहीत. शाळा, ग्रंथालये, नाट्यसंस्था, वृत्तपत्रे, संशोधनसंस्था या सर्वांना ते प्रिय असतात. हे शब्द उच्चारणाऱ्याने एक प्रश्न स्वतःस विचारावा: हे काम फुकट करणे कोणाला परवडते? ज्यांना परवडत नाही ते दाराबाहेर राहिले, तर आत उरतो तो गुणवंतांचा मेळा नव्हे, सुस्थितांचा. यॉर्कशायरच्या गिरणी कामगारांनी सहा शिलिंगांच्या निमित्ताने हाच प्रश्न मांडला होता. त्याचे उत्तर मिळण्यास शंभर वर्षे लागली, आणि तेही अखेर त्यांच्या न्यायाने नव्हे, दूरचित्रवाणीच्या पैशाने मिळाले.