नऊ वर्षांचा स्पिट्झ म्हातारा नसतो

कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षं, हे गणित इतकं रुळलं आहे की निवाऱ्यातल्या नऊ वर्षांच्या स्पिट्झसमोर माणूस मनातल्या मनात त्रेसष्ट मोजतो आणि पिल्लांकडे वळतो. पण सगळ्या जातींचं वय एका वेगाने वाढत नाही. ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत थकून जातो. ज्याला आपण सरसकट पॉमेरियन म्हणतो तो इंडियन स्पिट्झ किंवा डॅशहुंड मात्र साधारण बारा ते पंधरा वर्षं जगतो. अमेरिकन ॲनिमल हॉस्पिटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत अपेक्षित आयुष्याच्या शेवटच्या पाव हिश्शाला वार्धक्य म्हटलं आहे. चौदा वर्षं आयुष्य धरलं, तर ते साडेदहाव्या वर्षी सुरू होतं. म्हणजे तो स्पिट्झ अजून प्रौढच आहे आणि चार-पाच वर्षांच्या सोबतीची आशा धरणं गैर नाही.

दुसरी शंका आजारपणाची. ती खोटी नाही. लहान जबड्यात दात दाटीवाटीने असतात, त्यामुळे हिरड्यांचा आजार या जातींत फार दिसतो. तोंडाची दुर्गंधी वयामुळे येते असं समजून लोक ती सोडून देतात. खरं तर खराब झालेले दात काढले की कुत्रा मऊ अन्नावर मजेत जगतो, कारण दुखणं थांबलेलं असतं. पॉमेरियनची श्वासनलिका नाजूक असते. गळ्यातल्या पट्ट्याने ओढलं की तो खोकतो, म्हणून छातीवर बसणारा हार्नेस वापरावा. उतारवयात लहान जातींच्या हृदयाची मायट्रल झडप सैल पडणं सर्रास आढळतं. मात्र हृदय मोठं झालेल्या, पण अजून लक्षणं नसलेल्या कुत्र्यांना पिमोबेंडन हे औषध दिल्यास हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सुमारे पंधरा महिने पुढे जाते, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की यातलं बरंचसं दत्तक घेण्याआधीच कळू शकतं. स्टेथोस्कोप, रक्ततपासणी आणि दातांवर एक नजर एवढ्याने पुष्कळ उलगडतं. पिल्लाच्या गुडघ्याची वाटी पुढे कधी सरकेल का, त्याचं हृदय कसं निघेल, हे आज कुणी सांगू शकत नाही. खर्चाचा आक्षेप मात्र रास्त आहे. वर्षातून दोनदा तपासणी आणि कदाचित रोजची गोळी हा भार पेलणार नसेल, तर निवाऱ्याशी स्पष्ट बोलावं. काही संस्था औषधपाणी स्वतःकडे ठेवून कुत्रा सांभाळायला देतात.

म्हातारं कुत्रं नवं शिकत नाही, हेही अर्धंच खरं. व्हिएन्नाच्या संशोधकांनी ९५ बॉर्डर कोलींना टचस्क्रीनवर चित्रं ओळखायला शिकवलं. वयस्क कुत्र्यांना शिकायला वेळ लागला, पण शिकलेलं त्यांनी तरुणांइतकंच लक्षात ठेवलं, आणि एक पर्याय वगळून दुसरा निवडण्यात तर ते सरस ठरले. ही जात मोठी आणि हुशार, हे मान्य. पण शी-शूची नवी जागा शिकायला एवढी बुद्धीही लागत नाही.

‘खोडी असेल म्हणूनच सोडला असेल’ हा ग्रह मला सर्वांत अन्यायाचा वाटतो. मालक वारला, मुलं परदेशी गेली, घर बदललं, अशी कारणं कुत्र्याच्या स्वभावात शोधून कशी सापडतील? उपाशी-तहानलेलं राहावं लागेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, पण पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये. एवढ्या रकमेने कुणाचा हात अडणार?

राहिला वियोगाचा प्रश्न. तो लवकर येईल, हे खरं. पण तोवरचे दिवस सुखाचे करणं फार साध्या गोष्टींवर अवलंबून असतं. गुळगुळीत फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून सतरंजी, सोफ्याला छोटी पायरी, पाण्याचं भांडं रोज एकाच जागी, आणि नजर मंदावली असेल तर घरातल्या सामानाची हलवाहलव नाही.