उथळ पाण्यातही श्वास रोखू नका
मानवतहून मालवणच्या सहलीला जाणाऱ्यांना सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या स्कूबा डायव्हिंगचे आकर्षण असते. प्रवाळ आणि रंगीत मासे तिथे उथळ पाण्यातच दिसतात. पोहता येत नसले तरी प्रशिक्षक सोबत असतो. मात्र श्वास स्वतःलाच सांभाळावा लागतो.

१० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तिथे घेतलेली हवा वर येताना दुप्पट फुगते. श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून तो संथ, अखंड चालू ठेवावा. उतरताना कान दुखण्याआधीच नाक चिमटीत धरून हलकेच हवा फुंकावी. सर्दी असल्यास उतरूच नये. दमा, हृदयविकार असणाऱ्यांनी घरूनच डॉक्टरांचा सल्ला घेऊन निघावे.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, जिवंत प्राण्यांची वसाहत. १९८७ पासून हा परिसर सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला हात लावू नये, त्यावर पायही टेकवू नये.